चार वर्ग, दोन शिक्षक आणि चिंचोक्यांचे गणित

खास प्रतिनिधी

कोल्हापूर - राज्यात २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्या निमित्ताने पहिलीच्या मुलांवर जेवढी चर्चा झाली, तेवढी गेल्या अनेक वर्षांत झाली नव्हती. मात्र ही सारी चर्चा तिसऱ्या भाषेभोवतीच फिरत राहिली. हिंदीसंबंधीचे शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घेण्यात आले आणि वादळ तात्पुरते शमले. या गदारोळात एक साधा प्रश्न बाजूलाच राहिला. सहा वर्षांचे मूल शाळेत जाते, तेव्हा तेथे दिवसभर ते नेमके काय करते? किती भाषा शिकते, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याच्या हातांना आणि डोक्याला काम किती वेळ असते, आणि शिक्षकाची वाट पाहत ते किती वेळ बसून राहते, हा प्रश्न त्याहून मूलभूत आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष धार आहे. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगराळ तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर दोन शिक्षकी शाळा हे नित्याचे चित्र आहे. अशा शाळांसाठी 'अध्ययन कोपरे' ही पद्धत गेली काही वर्षे सांगितली जाते. वर्गाच्या चार बाजूंना चार प्रकारचे काम मांडायचे, मुलांचे लहान गट करायचे आणि ठराविक वेळाने गटांनी जागा बदलायची, असे तिचे स्वरूप. साहित्य बहुतेक घरगुती असते. चिंचोके, आगकाड्या, बाटल्यांची झाकणे, जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरची पाने यांवर ते भागते. वरकरणी ही हौशी शिक्षकांची कलाकुसर वाटते. प्रत्यक्षात ती शिक्षकाच्या वेळेची व्यवस्था आहे आणि तिचे मोलही त्यातच आहे.

कायद्यातच असलेली अडचण

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत, असे प्रमाण आहे. तीस मुलांमागे एक शिक्षक हे कागदावर समाधानकारक दिसते. परंतु पहिली ते चौथीच्या शाळेत दोन शिक्षक म्हणजे प्रत्येकाकडे दोन वर्ग आले. याचा अर्थ असा, की पटाचे प्रमाण तंतोतंत पाळूनही शाळा बहुवर्गच राहते. पट वीस-पंचवीस असला, तरी इयत्ता चारच असतात. पाठ्यपुस्तकेही चार इयत्तांचीच असतात.

अशा शाळेत शिक्षक पहिलीला अक्षरओळख शिकवत असताना दुसरीच्या मुलांना फळ्यावरचे उतरवून घ्यायला सांगितले जाते. दुसरीकडे वळल्यावर पहिलीची मुले पाटीवर तेच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवत बसतात. दोन वर्गांना मिळून ८० मिनिटे आहेत असे धरले, तर प्रत्येक मुलाला शिक्षकाची ४० मिनिटे मिळतात आणि उरलेली ४० मिनिटे त्याच्या वाट्याला वाट पाहणे येते. दिवसाअखेर हा हिशेब निम्म्या शाळेचा होतो. यात शिक्षकाची हयगय नाही. शिकवण्याची रीतच अशी आहे, की शिक्षक बोलत असेल तेव्हाच वर्ग 'चालू' समजला जातो.

कोपऱ्यांची मांडणी हा हिशेब बदलते. पहिली-दुसरीची मिळून तीस मुले असतील, तर सात-आठ मुलांचे चार गट होतात. तीन गट तीन कोपऱ्यांत स्वतः काम करतात, चौथा गट शिक्षकासमोर बसतो. वीस मिनिटांनी जागा बदलतात. ८० मिनिटांत प्रत्येक मुलाला शिक्षकाजवळ वीसच मिनिटे मिळतात, हे खरे. पण ती सात-आठ जणांत मिळतात. कोण अडखळतो, कोण ओठ हलवून नुसते वाचल्यासारखे करतो, हे तेथे लपत नाही. उरलेल्या साठ मिनिटांत मुलाच्या हातात काम असते. अर्थात हे तेव्हाच घडते, जेव्हा त्या तीन कोपऱ्यांतील काम मुलाला शिक्षकाला न विचारता करता येते. साऱ्या पद्धतीची कसोटी येथेच लागते.

काम मुलानेच तपासावे

चांगल्या कोपऱ्याची खूण साहित्याच्या देखणेपणात नसते. मूल चुकले तर ते त्याचे त्यालाच कळते की नाही, ही ती खूण. लग्नपत्रिकेचा जाड कागद घेऊन एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला शब्द लिहायचा व मधोमध नागमोडी कापायचे. प्रत्येक पत्रिकेचा काप वेगळा ठेवला, की 'विळा' हा शब्द विळ्याच्या चित्रालाच जुळतो. खुरप्याच्या चित्राला तो लावला, तर कडा बसत नाहीत. 'बाई, बरोबर का?' असे विचारण्याची गरजच उरत नाही. बेरजेच्या कार्डामागे उत्तर लिहून ठेवणे, करवंट्यांच्या तराजूत अंदाज पडताळून पाहणे, मण्यांच्या माळेवर मोजून खात्री करणे, या साऱ्यामागे हेच सूत्र आहे.

भाषेच्या कोपऱ्यात शब्दपट्ट्या आणि शब्दडोंगर असतात. पहिल्या ओळीत एक शब्द, दुसरीत दोन, तिसरीत तीन असे करत मूल वाक्यापर्यंत चढते. वाचनाच्या कोपऱ्यात दोरीवर टांगलेली गोष्टींची पुस्तके असतात. दुकानाच्या कोपऱ्यात साबणाची, चहाची रिकामी खोकी, किमतीच्या चिठ्ठ्या आणि खोट्या नोटा असतात. गावच्या आठवडा बाजारात आईबरोबर जाणाऱ्या मुलाला पन्नासच्या नोटेतून अठ्ठावीस रुपये वजा करणे येथे निराळे शिकवावे लागत नाही. विकणारा आणि घेणारा दोघेही हिशेब करतात आणि कोणाचे चुकले यावरून भांडतातही. तो वाद शिकण्याचाच भाग आहे.

एकाच कोपऱ्यात दोन इयत्ता सामावून घेता येतात, हा आणखी एक फायदा आहे. तेच चिंचोके घेऊन पहिलीचे मूल दहा-दहाचे ढीग करते, तर दुसरीचे मूल त्याच ढिगांची बेरीज मांडते. शेजारचा दादा किंवा ताई काय करते, हे लहान मूल पाहत असते. बहुवर्ग शाळेची म्हणून जी उणीव समजली जाते, तिचा येथे उपयोग होतो.

त्रेपन्न की पन्नास तीन?

बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची नवी रीत दिली, तेव्हा राज्यभर केवढा गहजब झाला, हे वाचकांना आठवत असेल. 'सत्तावीस'च्या जोडीने 'वीस सात' असे वाचन सुचवण्यात आले होते. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका मांडली होती. विधिमंडळातही त्याचे पडसाद उमटले. वाद रंगला तो भाषेच्या शुद्धतेवर आणि परंपरेवर. मुळातली अडचण मात्र वर्गातली होती व ती आजही आहे. मराठीत 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी येतात आणि पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी येतात. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल ३५ लिहिते आणि लाल शाईची फुली मिळवते.

ही अडचण शब्द बदलूनच सुटेल असे नाही आणि जुने शब्द कायम ठेवूनही ती आपोआप सुटत नाही. आगकाड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधून ठेवावेत आणि काही काड्या सुट्या ठेवाव्यात. 'त्रेपन्न' लिहिलेली चिठ्ठी उचलणाऱ्या मुलाने पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मांडायच्या व मग अंकपत्ते लावायचे. हे वीस-पंचवीस वेळा केल्यावर त्रेपन्नमधले पन्नास त्याला दिसू लागतात. मग त्याने त्रेपन्न म्हटले काय किंवा पन्नास तीन म्हटले काय, पाचाची जागा चुकत नाही. पुढे हातच्याची वजाबाकी करताना गठ्ठा सोडून दहा काड्या सुट्या करणे, हेही त्याच्या हाताला ठाऊक असते. एका आगपेटीच्या किमतीत होणारे हे काम आहे. ज्या वादावर राज्याने काही आठवडे खर्च केले, त्याचे उत्तर बहुतांशी वर्गातल्या या कोपऱ्यात होते.

परंपरा आपलीच

हे सारे परदेशातून आलेले नवे खूळ आहे, अशी टीका अधूनमधून ऐकू येते. मॉन्टेसोरी पद्धतीचे मूळ इटलीतले असले, तरी ती महागड्या साहित्यातून सोडवून गरिबांच्या अंगणात आणण्याचे काम महाराष्ट्रात झाले. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेले आणि तेथे अनुताई वाघ यांनी ते पुढे चालवले. शिंपले, बिया, पाने, खडे हेच त्यांचे साहित्य होते. विकत घेतलेल्या ठोकळ्यांनी जे साधते, ते बियांनीही साधते, हे त्यांनी आदिवासी वस्तीत दाखवून दिले. अलीकडच्या काळात अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून भूमितीचे आकार करण्याची युक्ती देशभर नेली. पुण्याच्या 'आयुका'तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी केलेले काम सर्वपरिचित आहे. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कोल्हापूरला तर घरचाच दाखला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत येण्याचा प्रश्न हाती घेतला. शाळेत आलेल्या मुलाला काय मिळावे, या प्रश्नाला याच शहरात १९८५ मध्ये लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालयाच्या रूपाने उत्तर दिले. शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात दीर्घ काळ काम केल्यानंतर त्यांनी प्राथमिक शाळा काढली, ही बाब बोलकी आहे. मुलांचा अनुभव, प्रकल्प, परिसर आणि पालकांचा सहभाग यांवर ही शाळा उभी राहिली. लीलाताईंचे २०२० मध्ये निधन झाले. त्यांच्या शाळेचे कौतुक कोल्हापूरकरांनी भरपूर केले. पण तेथील रीत जिल्ह्याच्या सर्व शाळांत नेण्याची यंत्रणा मात्र उभी राहिली नाही.

रंग पोहोचला, रीत राहिली

अशी यंत्रणा सातारा जिल्ह्यात काही काळ दिसली. कुमठे बीटच्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षकांनी आपल्या जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली. फरशीवर आखलेले खेळ, भिंतीच्या तळाशी मुलांसाठी केलेले तळफळे, गटात बसून साहित्य हाताळणारी मुले हे दृश्य पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि या पद्धतीला राज्यव्यापी पाठबळ मिळाले.

पुढे जे झाले ते सरकारी मोहिमांच्या बाबतीत नेहमी होते तेच. जे डोळ्यांना दिसते ते वेगाने पसरले. फरश्या रंगल्या, भिंती बोलक्या झाल्या, लोकवर्गणीतून ऑइलपेंटचे डबे आले. कुमठ्यात ज्या कामामुळे मुले वाचू लागली होती, ते मात्र छायाचित्रात येणारे नव्हते. कोणत्या मुलाला आज कोणते कार्ड द्यायचे हे ठरवणे, गटात कोण मागे पडते आहे याची नोंद ठेवणे, दर आठवड्याला काम बदलणे, हा त्याचा गाभा होता. पहिलीच्या फरशीवर रंगवलेली शंभरपर्यंतची अंकचौकट वर्षभर तशीच राहिली, तर महिन्याभरात ती मुलांच्या दृष्टीने फरशीच होते. ज्या शाळांनी गाभा उचलला तेथे पद्धत टिकली. ज्यांनी केवळ तपासणीसाठी रंग दिला, तेथे रंग उडाल्यावर काहीच उरले नाही.

तमिळनाडूचा अनुभवही हेच सांगतो. ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांतील कार्डे आणि अध्ययनाच्या शिडीवरून प्रेरणा घेऊन चेन्नई महापालिकेने २००३ मध्ये १३ शाळांत कृतिआधारित अध्ययन सुरू केले. २००७ पर्यंत ते राज्यातील सर्व सरकारी प्राथमिक शाळांत नेण्यात आले. शिडीवरील आपली पायरी मुलाला ठाऊक असते आणि त्यानुसार ते कार्ड उचलते, ही त्यातील खरी कल्पना. एवढा मोठा विस्तार शिक्षकांनीच शिक्षकांना शिकवल्यामुळे शक्य झाला. पण एकाच छापाची कार्डे हजारो शाळांत पोहोचली, की त्यात गावानुसार, मुलानुसार बदल करण्याचा हक्क शिक्षकाला वाटेनासा होतो, हा धोकाही त्यातून पुढे आला.

पाचशे रुपये कोणाच्या हाती?

येथे पैशाचा मुद्दा येतो. सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला साहित्य निर्मितीसाठी वर्षाला ५०० रुपये देण्याची तरतूद होती. रक्कम क्षुल्लक होती. पण ती शिक्षकाच्या हाती पडे. २०१८ मध्ये समग्र शिक्षा आल्यावर निरनिराळी अनुदाने एकत्र करून शाळेला पटानुसार संयुक्त अनुदान देण्याचे ठरले. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला त्यातून वर्षाला १० हजार, तर ३१ ते १०० पटाच्या शाळेला २५ हजार रुपयांची तरतूद आहे. त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. वीज बिल, खडू, दुरुस्ती भागवून त्यातून कोपऱ्यासाठी काय उरेल, हे सांगायला नको.

दुसरीकडे ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात अध्ययन-अध्यापन साहित्यासाठी प्रत्येक मुलामागे वर्षाला ५०० रुपयांपर्यंतची तरतूद ठेवण्यात आली आहे. म्हणजे शिक्षकामागे असलेला आकडा आता मुलामागे आला. ही वाढ मोठी आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. २० फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राने तीन ते आठ वयोगटासाठी 'जादुई पिटारा' आणला, तोही खेळातून शिकण्याचाच पुरस्कार करतो. प्रश्न एवढाच, की पैसा तयार पेट्यांच्या रूपाने खाली यावा की शाळेच्या हाती यावा? बाहेरून आलेली पेटी हरवली किंवा तिच्यातील एखादा तुकडा मोडला, तर जबाब द्यावा लागेल या भीतीने ती कपाटात बंद राहण्याचा संभव अधिक. चिंचोक्यांना ती भीती नाही. गगनबावड्याच्या पावसात पुठ्ठ्याची कार्डे फुगतात. ती पुन्हा करावीच लागतात. ती कोणी आणि कशी करायची हे ज्याला ठाऊक आहे, त्याच शाळेत कोपरा टिकतो. थोडक्यात, पेटी असावी. पण तिच्याबरोबर सुटा पैसा आणि सुटा वेळही असावा.

आक्षेप आणि त्यांचे तथ्य

या पद्धतीवरील आक्षेप सरसकट झटकून टाकण्यासारखे नाहीत. वर्गात गलका होतो, ही तक्रार खरी आहे. चार गटांपैकी एक गट जोरात वाचत असेल, तर दुसऱ्याचे लक्ष उडते. एकाच खोलीत दोन वर्ग असतील तर अधिकच. म्हणून आवाजी कोपरे व्हरांड्यात, शांत कोपरे आत अशी विभागणी करावी लागते. मुलांनी साहित्य जागेवर ठेवण्याची शिस्त लागायला पहिले काही आठवडे जातात आणि त्या काळात अभ्यास मागे पडल्यासारखा वाटतो. लहान बियांच्या बाबतीत अंगणवाडीच्या मुलांवर लक्ष ठेवावे लागते, हेही आलेच.

पालकांचा आक्षेप वेगळा असतो. मुलाची वही कोरी दिसली, की शाळेत काही शिकवत नाहीत असा ग्रह होतो. शिष्यवृत्ती परीक्षेतील यशाचे कोल्हापूर जिल्ह्याला मोठे अप्रूप आहे. सरावसंचांची सवय प्राथमिक शाळेतच लागावी, असा दबाव त्यातून येतो. पण संख्येची जाण पक्की नसलेल्या मुलाने कितीही संच सोडवले, तरी त्याची मजल उत्तराचा पर्याय ओळखण्यापुरतीच राहते. 'असर'च्या ग्रामीण पाहणीत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे देशातील प्रमाण २०२२ मध्ये २०.५ टक्के होते, ते २०२४ मध्ये २७.१ टक्के झाले. सुधारणा झाली हे खरे. तरीही चारपैकी जवळपास तीन मुले अद्याप त्या रेषेखाली आहेत. वही भरलेली असणे आणि वाचता येणे, यांतील अंतर या आकड्यांत दिसते.

सर्वांत वजनदार आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो वेळेसंबंधी आहे. ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे यांतून साहित्य तयार करायला वेळ कधी काढायचा? दोन शिक्षकी शाळेत एक शिक्षक बैठकीला गेला, तर दुसऱ्याकडे चारही वर्ग येतात. ही वस्तुस्थिती मान्य केल्याखेरीज कोपऱ्यांचा आग्रह धरणे म्हणजे शिक्षकांवर आणखी एक ओझे टाकणे होय.

काय करता येईल?

मार्ग फार खर्चाचे नाहीत. केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा होतात. त्यांत सूचना वाचून दाखवण्याऐवजी अर्धा दिवस साहित्य तयार करण्याला देता येईल. दहा शाळांच्या शिक्षकांनी प्रत्येकी एका कोपऱ्याचे संच केले आणि आपसात बदलून घेतले, तर प्रत्येक शाळेला दहा कोपरे मिळतात आणि काम एकाच कोपऱ्याचे करावे लागते. तिसरी-चौथीच्या मुलांनाही पहिलीसाठी कार्डे करायला लावता येतात. त्यातून त्यांचे लेखन होते. शालेय व्यवस्थापन समितीच्या माताभगिनींना चिंचोके, बांगड्या, मणी गोळा करायला फारसे सांगावे लागत नाही. निपुणच्या तरतुदीतील काही भाग शाळेला किरकोळ खरेदीसाठी सुटा द्यावा आणि मोडतोडीचा जाब विचारू नये. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने भिंतीकडे पाहण्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत. या आठवड्यात कोणता कोपरा बदलला? आणि या कोपऱ्यात कोणते मूल अडले होते?

निपुण अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता आणि मूलभूत गणित यावे, यासाठी २०२६-२७ ची मुदत ठरवली आहे. त्याच वेळी कमी पटाच्या शाळांवर टांगती तलवारही आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव २०२३ मध्ये मागवण्यात आले, तेव्हा शिक्षक आणि पालकांनी त्याला विरोध केला. तो विरोध रास्त होता. पण 'एकच मास्तर दोन वर्ग सांभाळतो, तेथे काय शिकणार' असे म्हणून मुलाला तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवणारा पालकही त्याच गावात असतो. त्याला भावनेचे आवाहन पुरत नाही. एकच मास्तर दोन वर्ग सांभाळत असताना आपले मूल रिकामे बसलेले नाही, हे त्याला वर्गाच्या दारातून दिसले पाहिजे. वाडीवरची शाळा वाडीवरच राहावी असे ज्यांना वाटते, त्यांनी पटाच्या आकड्याइतकेच या दृश्याकडेही लक्ष द्यावे.